माजघरातल्या दोन खुंट्या आणि पाच बारांची बंदूक



खालच्या खाचरातलं हळवं भात निसवलं. डोंगराकडचं गरवं अजून पोटरीत आहे. दाण्यात दूध भरायला लागलं की आपल्याआधी डुकरांना कळतं, त्यामुळे राखण सुरू झाली आहे. आज मात्र खत-औषधाचं काही लिहीत नाही. आज बंदुकीचं लिहितो. लांबलंय जरा, पण सवडीने वाचा.

गणपतीला मुंबईहून भाचा आला होता. बारावीला आहे. माजघराच्या भिंतीवरच्या दोन रिकाम्या खुंट्या बघून म्हणाला, "मामा, आजोबांची बंदूक कुठाय?" म्हटलं, बाबा फाल्गुनात गेले, तेव्हाच ठाण्यात जमा केली. परवाना माणसाच्या नावावर असतो. माणूस गेला की हत्यार घरात ठेवता येत नाही, ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. पुढे वारसाने अर्ज करायचा.

"मग परत घेताना ती जुनी ठासणीची कशाला? सेमी-ऑटोमॅटिक घे. चाप दाबत राहायचा, पाच बार!" असं म्हणून त्याने मोबाईलवरच्या गेममधली बंदूक दाखवली.

तेव्हा हसलो. पण वारसाचा अर्ज कपाटात तसाच पडून होता आणि त्यात कुठली बंदूक लिहायची हे कापणीच्या आत ठरवायचं होतं. रात्री माळ्यावर बसून बसून विचार केला, दिवसा थोडं वाचलं. त्यातून जे कळलं ते तुमच्यासमोर ठेवतो.

आधी आमची घरची बंदूक. आजोबांनी घेतलेली, नंतर बाबांच्या नावावर झालेली. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, त्यावर काथ्याचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि गजाने ठासायचं. म्हणून ती ठासणीची. मागच्या बाजूला घोड्याखाली एक बारीक नळी असते, तिच्यावर तांब्याची टोपी बसवायची. घोडा ओढून चाप दाबला की घोडा टोपीवर आपटतो, ठिणगी आत जाते, बार होतो. पुन्हा भरायची तर हात बसलेल्या माणसाला दिवसाउजेडी मिनिटभर लागतं. श्रावणाच्या रात्री, अंगावर इरलं, एका हातात बॅटरी असताना किती लागतं ते विचारू नका. त्यात दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. सर्दावली की संपली. आमच्या वरंधला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. टोपी फुटते, पण आत दारू पेटत नाही, हे बाबांच्या हातून कितीदा झालेलं मी पाहिलंय.

तरी ही बंदूक तिच्या काळात मोठी सुधारणा होती बरं का. तिच्याआधी तोडेदार बंदूक होती. पेटता तोडा सांभाळायचा आणि त्याने कानावरची रंजक पेटवायची. मग गारेची आली. तिच्यात गार पोलादावर घासून ठिणगी पडायची, पण आधी जाळ दिसायचा आणि मग बार व्हायचा. स्कॉटलंडमध्ये अलेक्झांडर फोर्साइथ नावाचे एक पाद्री होते, त्यांना शिकारीचा नाद. जाळ बघून पाखरं उडून जातात म्हणून ते वैतागले आणि ठोका बसताच पेटणाऱ्या मसाल्याची युक्ती त्यांनी काढली. पेटंट १८०७ चं. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत त्यातूनच तांब्याची टोपी आली. म्हणजे आमच्या आजोबांची बंदूक घडवली कधीही असो, तिची बनावट साधारण १८२०-३० च्या काळातली आहे.

पुढची पायरी फ्रान्समध्ये पडली. १८३० च्या दशकात पॅरिसच्या कासिमिर लफोशो या कारागिराने मधोमध मोडणारी बंदूक केली. नळी खाली वाकवायची, मागून काडतूस घालायचं आणि मिटायची. दारू, छर्रे, टोपी सगळं एका डबीत बंद. पुढच्या तीस वर्षांत हे काडतूस सुधारत गेलं, बुडाला मधोमध टोपी आली, आणि आज आपण जी एकनळी-दुनळी 'बारा बोअर' म्हणतो ती तयार झाली. बारा बोअर म्हणजे बारा छर्रे, असं आमच्याकडे बरेच जण समजतात. तसं नाही. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअर. नळी आतून साधारण साडेअठरा मिलिमीटर. तिची काडतुसं आपल्याकडेच बनतात, घाट चढून भोरवरून पुण्याला गेलात की खडकीच्या दारूगोळा कारखान्यात.

आता भाच्याची पाच बारांची.

ती शोधली जॉन मोझेस ब्राउनिंग यांनी. अमेरिकेत युटामधल्या ऑग्डेन गावचे, वडीलही बंदुका करणारेच. विंचेस्टर कंपनीला त्यांनी आधीच बऱ्याच बंदुका करून दिल्या होत्या, त्यातली १८९७ ची पुढचा दस्ता मागे-पुढे ओढून भरायची छऱ्याची बंदूक खूप चालली. मग त्यांनी असा विचार केला, की बार झाल्यावर बंदूक खांद्याला जो दणका देते तो फुकट का घालवायचा? त्याच दणक्याने पुढचं काडतूस का भरू नये?

तिचं काम असं चालतं. दस्त्यापुढे नळीखाली एक लांब नळकांडं असतं, त्यात चार काडतुसं एकामागे एक. पाचवं नळीत. बार झाला की नळी आणि तिच्यामागचा बंद करणारा ठोकळा, दोन्ही एकमेकांना धरून मागे सरकतात, पार काडतुसाच्या लांबीपेक्षा जास्त. मागे जाताना घोडा ताणला जातो. मग ठोकळा मागेच अडकून राहतो आणि नळी स्प्रिंगने एकटी पुढे जाते. मध्ये जागा झाली की रिकामं काडतूस बाहेर फेकलं जातं. खालून नवीन काडतूस वर उचललं जातं, ठोकळा सुटतो आणि ते नळीत ढकलून दार लावून घेतो. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. आपण फक्त चाप सोडून पुन्हा दाबायचा. एका दाबाला एकच बार, म्हणून 'सेमी'. दाबून धरल्यावर सुटत राहते ती मशीनगन, ती वेगळी.

यात दोन खुब्या आहेत. एक, नळीच्या स्प्रिंगवर एक घर्षणाची कडी बसवलेली असते. काडतूस भारी असेल तर कडी एका पद्धतीने लावायची, हलकं असेल तर दुसऱ्या. चुकीची लावली तर भारी काडतूस बंदुकीला आतून ठोकून काढतं, नाहीतर हलकं काडतूस तिला पूर्ण मागे ढकलतच नाही. दोन, हे सगळं बिनधुराची दारू आल्यावरच नीट जमलं. आपल्या काळ्या दारूची काजळी एवढ्या सरकत्या भागांत बसली तर यंत्र दहा-वीस बारांत अडकून पडेल.

पेटंट ऑक्टोबर १९०० चं. विंचेस्टरला एकरकमी विकत हवं होतं, ब्राउनिंगना प्रत्येक बंदुकीमागे पैसे हवे होते. फाटलं. मग ते रेमिंग्टन कंपनीकडे गेले. ८ जानेवारी १९०२ ला तिथल्या प्रमुखांची, मार्सेलस हार्टली यांची, वाट बघत बाहेर बसले असतानाच हार्टली हृदयविकाराने गेल्याची बातमी आली. शेवटी बोटीने बेल्जियम गाठलं. लीएजजवळच्या एर्स्टालच्या एफएन कारखान्याने ती त्याच वर्षी करायला घेतली. पुढे रेमिंग्टननेही परवाना घेऊन काढली. तिचं नाव ऑटो-५, आणि ती विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत बनत होती. नंतर नळीतल्या वायूचा थोडा भाग वळवून त्याने यंत्र हलवणाऱ्या बंदुका आल्या. रेमिंग्टनची ११०० ही त्यातली नावाजलेली, १९६३ ची. भाच्याच्या गेममधली हिच्याच वंशातली.

म्हणजे बघा, पाच बारांची बंदूक १९०२ पासून बाजारात आहे. मग इकडे कोकणात आजोबांच्या हातात शंभर वर्षांआधीच्या बनावटीची बंदूक का? फक्त गरिबीमुळे? तसं नाही. ते कायद्यात लिहिलेलं आहे.

१८५७ चं बंड मोडल्यावर इंग्रजांनी लोकांची हत्यारं काढून घ्यायला सुरुवात केली. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत हत्यारांचा कायदा आला. हिंदी माणसाला परवाना हवा, गोऱ्याला मोकळीक. दुसऱ्याच वर्षी, १८७९ ला, आपल्याच जिल्ह्यातल्या शिरढोणच्या वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड झालं, त्यामुळे सरकारची पकड सैल होण्याचा प्रश्नच नव्हता. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांपासून या कायद्याविरुद्ध ओरड होती. सगळ्यांना एकच माप कधी लागलं नाही हेही खरं. कर्नाटकातल्या कोडगू लोकांना इंग्रजांनी परवान्यातून सूट दिली, ती आजही चालू आहे. त्यांचाही मुलूख आपल्यासारखाच डोंगराचा, पावसाचा, भाताचा.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र अधिनियम आला, तो १९६२ पासून लागू झाला. त्याच्या कलम १३ मध्ये आपला, म्हणजे शेतकऱ्याचा, उल्लेख आहे. त्याचा अर्थ माझ्या शब्दांत असा: खऱ्या पीकसंरक्षणासाठी कोणी ठासणीची बंदूक मागितली तर परवाना द्यावा. स्वतःच्या रक्षणासाठी किंवा खेळासाठी मागणाऱ्याला मात्र किमान वीस इंच नळीची कुठलीही गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे काडतुसाची बारा बोअरसुद्धा. शेतकऱ्याच्या नावापुढे कायद्याने ठासणीचीच लिहिली. ऑटो-५ तेव्हा ५७ वर्षांची झाली होती. आणि सेमी-ऑटोमॅटिक तर नियमांत वेगळ्या, निर्बंधित गटात आहे. जिल्ह्यातून पीकसंरक्षणासाठी मिळणारी ती नव्हेच. भाच्याचा प्रश्न तिथेच निकालात निघाला.

हे वाचून मला पहिल्यांदा रागच आला. आमचं पीक राखायला काय लागेल यापेक्षा आमच्या हातात कमीत कमी धोक्याचं काय राहील याचा विचार आधी झालेला दिसतो. ही सवय १८७८ चीच.

पण माळ्यावर बसून दुसरा विचार आला, तो सांगतो. मी नऊ वर्षांचा असेन. दुपारी घरात कोणी नाही बघून पाटावर चढलो आणि खुंटीवरची बंदूक काढली. घोडा दोन्ही हातांनी ओढला आणि चाप दाबला. टक्क. आई चुलीपासून धावत आली. बंदूक भरलेली होती. आदल्या रात्री डुकरं आलीच नव्हती, म्हणून बार तसाच आत राहिलेला. वाचलो ते एवढ्याचसाठी, की टोपी काढून कोपरीच्या खिशात ठेवायची आजोबांची सवय होती. आजोबा संध्याकाळी आले, मला काही बोलले नाहीत. बंदूक घेऊन बांधावर गेले, टोपी लावली आणि डोंगराकडे बार काढून आले. तो आवाज अजून कानात आहे. नळी माझ्या धाकट्या बहिणीच्या पाळण्याकडे होती. तिचाच हा मुलगा.

ठासणीच्या बंदुकीचा खरा दोष सावकाश भरण्यात नाही. एकदा भरली की ती सहज रिकामी करता येत नाही, दोष तो आहे. बार काढायचा, नाहीतर गजाला स्क्रू लावून आतला बोळा ओढत बसायचं. ते कोण करतो? म्हणून ती भरलेलीच घरी येते आणि भरलेलीच खुंटीवर राहते. आणि भरलेली आहे की रिकामी, हे नुसतं बघून कळत नाही.

आता पाच बारांची घ्या. तिचाही तोच दोष, फक्त दुसऱ्या टोकाने. बार झाल्याबरोबर ती स्वतःहून पुन्हा भरते. आपल्याला वाटतं बार काढला, संपलं. तोवर पुढचं काडतूस नळीत जाऊन बसलेलं असतं आणि घोडा ताणलेला. ठोकळा मागे ओढून बघितल्याशिवाय बाहेरून काही कळत नाही, आणि नळकांड्यातली काडतुसं वेगळी काढावी लागतात. पावसात, अंधारात, झोपेने जड झालेल्या माणसाने हे सगळं बिनचूक करायचं.

या दोघींच्या मधली जी लफोशोच्या वंशातली, मोडणारी एकनळी, तिला हा दोष नाही. मोडली की काडतूस हातात येतं. नळीतून पलीकडचं चांदणं दिसतं. मोडलेली बंदूक खांद्यावर टाकून माणूस चालत आला तर समोरच्या बांधावरून कळतं की ती उडणार नाही. काडतूस बंद डबीत, म्हणून दारूही सहजी सर्दावत नाही. कायद्याने आम्हाला पहिली दिली, भाच्याला शेवटची हवी आहे, आणि घरात लेकरं असलेल्या शेतकऱ्याला खरी लागते ती मधली.

"पण मामा, एकाच बारात काय होणार?" हे त्याने विचारलंच. माझा अनुभव सांगतो, तुमचा वेगळा असू शकेल. कळप भातात असतो तेव्हा पहिल्या आवाजालाच सगळा उधळतो. दुसरा, तिसरा, चौथा बार अंधारात जातो. त्या अंधारात पलीकडच्या माळ्यावर शेजारचे काका बसलेले असतात. डुक्कर समजून माणसाला छर्रे लागल्याच्या बातम्या कोकणात आपण वाचतोच. जखमी डुक्कर अंगावर येतं, तेव्हा दुसरा बार हाताशी हवा, हे खरं आहे, आणि त्यासाठी दुनळी चांगली. पण मुळात डुक्कर जखमी करायची वेळ आणायची का, हाही विचार करा. अमेरिकेतसुद्धा बदकांच्या शिकारीला छऱ्याच्या बंदुकीत तीनच काडतुसं राहतील अशी अट १९३५ मध्ये घातली. ब्राउनिंगच्या स्वतःच्या देशाला पाच बार जास्त वाटले.

आणि एक गोष्ट नवीन मुलांसाठी मुद्दाम लिहितो. बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायचा परवाना नव्हे. ते दोन वेगळे कागद आहेत. बंदुकीचा परवाना जिल्हाधिकाऱ्यांकडून येतो. रानडुक्कर हा वन्यजीव संरक्षण कायद्यातला प्राणी आहे, २०२२ च्या दुरुस्तीनंतर अनुसूची दोनमध्ये. उभ्या पिकाचं नुकसान होत असलं तरी मारायला वनखात्याची लेखी परवानगी लागते. ती नसताना आवाजापुरता बार, ढोल, डबा, फटाके, कुंपण, एवढंच आपल्या हातात. नुकसान झालं तर वनखात्याला लगेच कळवून पंचनामा करून घ्या, भरपाई त्यावरच मिळते. आमिषात स्फोटक लपवणं, कुंपणात विजेची तार सोडणं, यात आपल्याच गावचा माणूस नाहीतर गुरू मरतं आणि आपण तुरुंगात जातो. ते करू नका.

आता निर्णय. कलम १३ मध्ये त्याच ओळीला जोडून एक पुरवणी आहे. ठासणीची बंदूक पीकसंरक्षणाला पुरेशी नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री झाली, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. हे आमच्या गावात कोणाला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. तेव्हा अर्जात मी काडतुसाची एकनळी लिहिली. कारणं दोनच दिली, जी खरी आहेत ती: आमच्या पावसात दारू टिकत नाही, आणि भरलेली ठासणी घरात सुरक्षित रिकामी करता येत नाही. २०१६ च्या नियमांप्रमाणे हत्यार सुरक्षित हाताळायचं प्रशिक्षणही घ्यावं लागतं, ते घेणार. मंजूर होईल की नाही ते अलिबागला ठरेल. वरंधहून अलिबाग म्हणजे एका खेपेला एक दिवस मोडतो, तो या महिन्यात दोनदा मोडलाय.

आजोबांची बंदूक मात्र परत आणणार नाही. परवानाधारक विक्रेत्याकडे देऊन टाकायची. हे आईला सांगताना जरा जड गेलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुझ्या बाबांना तिची भीतीच वाटायची. बोलले नाहीत कधी. खुंट्या काढू नकोस, इरली अडकवीन."

भाच्याला फोन करून सगळं सांगितलं. म्हणाला, "म्हणजे मधलीच ना, बोअरिंग." म्हटलं, हो, बोअरिंगच. दिवाळीला ये, तुला माळ्यावर बसवतो.

काल रात्री डोंगराकडच्या खाचराचा वरचा कोपरा डुकरांनी लोळवला. सहा-सात जणांचा कळप असावा, पायांवरून तरी तसं दिसतंय. पत्र्याचा डबा वाजवून हाकलली. सकाळी आडवं पडलेलं भात पेंढीने बांधून उभं केलंय. निम्मं तरी हाती लागेल.

तुमच्याकडे राखण कशी चालते, आणि कोणाला त्या पुरवणीखाली काडतुसाची बंदूक मिळाली असेल तर अर्जात काय लिहिलं होतं, ते जरूर कळवा. पोलादपूरकडच्या मंडळींनी खास.